लॅपटॉप वाशीत, कंपनी बोस्टनमध्ये: सीमेपार काम करणाऱ्यांसाठी कर आणि व्हिसाचा हिशेब

‘पैसे परदेशातून येतात, मग इथे कसला कर?’ आणि ‘पगार तर ठाण्याच्या खात्यात जमा होतो, मग तिकडे कसला कर?’ घोडबंदर रोडपासून खारघरपर्यंत हे दोन्ही प्रश्न सारख्याच आत्मविश्वासाने विचारले जातात, आणि दोन्हींमागचा समज चुकीचा आहे. कर लावताना पहिला प्रश्न पैसा कुठून आला हा नसतो. काम करताना तुम्ही स्वतः कोणत्या देशात बसला होतात, हा असतो. वर्षभरात त्या देशात किती दिवस होतात, हा दुसरा. खातं आणि चलन त्यानंतर येतं. व्हिसा हे याहून वेगळं प्रकरण. कर भरला म्हणून काम करायची परवानगी मिळत नाही, आणि परवानगी आहे म्हणून कर माफ होत नाही.

पुढचे आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे, म्हणजे १९६१ च्या आयकर कायद्याखालचे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झाला. त्यात कलमांचे क्रमांक बदलले आणि ‘आकारणी वर्षा’ऐवजी ‘कर वर्ष’ आलं. रहिवासाच्या दिवसांचा हिशेब मात्र तोच राहिला आहे.

आधी दिवस मोजा

एका आर्थिक वर्षात भारतात १८२ किंवा जास्त दिवस राहिलात, तर तुम्ही रहिवासी. १८२ भरले नाहीत तरी त्या वर्षात ६० दिवस आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भरले, तरीही रहिवासीच. या दुसऱ्या नियमाला दोन महत्त्वाच्या सवलती आहेत. नोकरीसाठी देश सोडणाऱ्या भारतीय नागरिकाला त्या वर्षापुरते ६० च्या जागी १८२ दिवस मिळतात. परदेशात राहणारा भारतीय नागरिक किंवा भारतीय वंशाची व्यक्ती इथे भेटीला आली, तर तिलाही १८२. मात्र भेटीला आलेल्याचं परदेशी स्रोत वगळून उरलेलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल, तर ही मर्यादा १२० दिवसांवर येते.

तारखांत मांडलं तर हे चटकन कळतं. नोकरीसाठी जाणाऱ्याला त्याच वर्षी अनिवासी व्हायचं असेल, तर जास्तीत जास्त २८ सप्टेंबरला विमानात बसावं लागतं. १ एप्रिलपासून त्या दिवशी १८१ भरतात, २९ तारखेला १८२. सवलत लागू नसेल, तर तीच तारीख २९ मे होते. येण्याचा आणि जाण्याचा दिवस धरायचा की नाही यावर वाद होतात, म्हणून दोन्ही धरूनच मोजा. आणि काठावरचं तिकीट काढूच नका, चार-पाच दिवस हातात ठेवा. दिवाळीला किंवा लग्नाला आठवडाभर परत आलात तर तेही दिवस यातच मिळतात, आणि बहुतेकांचं गणित इथेच बिघडतं.

‘नोकरीसाठी देश सोडला’ हे कागदावर दिसावं लागतं: ऑफर लेटर, तिथला कामाचा व्हिसा, घराचा करार. पर्यटक व्हिसावर जाऊन लॅपटॉप उघडणाऱ्याला ही सवलत मागणं फार अवघड जातं.

एक साधी तक्ता-फाइल ठेवा. त्यात निघण्याची तारीख, पोहोचण्याची तारीख, विमानाचा क्रमांक, देश आणि बोर्डिंग पासचा फोटो. शेंगेन देशांत, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने इलेक्ट्रॉनिक नोंद सुरू झाली आणि पासपोर्टवरचे शिक्के जाऊ लागले, त्यामुळे बोर्डिंग पासचं महत्त्व वाढलं आहे. वर्षही देशागणिक वेगळं असतं. अमेरिकेत ते जानेवारी ते डिसेंबर, ब्रिटनमध्ये ६ एप्रिल ते ५ एप्रिल, ऑस्ट्रेलियात जुलै ते जून. दिवस रोजच्या रोज नोंदलेले असले की कुठल्याही देशाच्या वर्षात बसवता येतात.

ठाण्यात बसून परदेशी कंपनीचं काम

सर्वांत जास्त लोक या गटात आहेत, आणि सर्वांत जास्त गोंधळही इथेच आहे. तुम्ही ठाण्यात आहात, काम ठाण्यात होतं, म्हणून कर भारतात. प्रश्न उरतो तो तुम्ही त्या कंपनीचे कोण आहात याचा.

तीन प्रकार दिसतात. पहिला, एम्प्लॉयर ऑफ रेकॉर्ड. परदेशी कंपनी भारतातल्या मध्यस्थ कंपनीमार्फत तुम्हाला नोकरीवर ठेवते. पगारपत्रक, पीएफ, टीडीएस, फॉर्म १६ हे सगळं नेहमीसारखं मिळतं, डोक्याला ताप सर्वांत कमी. दुसरा, परदेशी कंपनी थेट पगार पाठवते आणि कोणीच टीडीएस कापत नाही. उत्पन्न पगारच, जीएसटीचा संबंध नाही, पण आगाऊ कर तुम्हाला स्वतः भरावा लागतो: १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत पूर्ण. चुकलात तर दरमहा १ टक्का दराने व्याज. तिसरा प्रकार काँट्रॅक्टरचा. तुम्ही बिल देता, कंपनी ते भागवते.

तिसऱ्या प्रकाराचं आकर्षण कशात आहे ते आकड्यांतच पाहू. वर्षाला ३६ लाख मिळतात असं धरा, नवी करपद्धती. पगार असेल तर ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाऊन ३५.२५ लाखांवर कर, उपकर धरून ६,६३,००० रुपये. तेच ३६ लाख काँट्रॅक्टर म्हणून घेतले आणि कलम ४४एडीए लागू झालं, तर निम्मी रक्कम, म्हणजे १८ लाख, उत्पन्न मानली जाते. कर १,६६,४०० रुपये. फरक जवळजवळ ५ लाखांचा.

एवढा फरक पाहिला की कोणालाही आपण काँट्रॅक्टरच आहोत असं वाटू लागतं. पण आधी तीन गोष्टी तपासा.

पहिली, पेशा. ४४एडीए ठरावीक पेशांनाच आहे: अभियांत्रिकी, तांत्रिक सल्ला, माहिती तंत्रज्ञान, लेखापाल, वकील, डॉक्टर, वास्तुविशारद, अंतर्गत सजावट असे. सॉफ्टवेअरवाले यात बसतात. मजकूर लिहिणारे, समाजमाध्यमं सांभाळणारे किंवा ग्राहकसेवेत काम करणारे आपोआप बसत नाहीत, आणि नेमके तेच ‘मित्राने भरलं तसं’ म्हणून विवरणपत्र भरतात.

दुसरी, मर्यादा. जमा ५० लाखांपर्यंत हवी. रोखीत ५ टक्क्यांपेक्षा जास्त घेतलं नसेल तर ७५ लाखांपर्यंत. परदेशातून येणारे पैसे बँकेतूनच येतात, त्यामुळे ७५ लाखांची मर्यादा सहसा मिळते. यात आगाऊ कर १५ मार्चपर्यंत एकाच हप्त्यात भरता येतो, ही आणखी एक सोय.

तिसरी आणि खरी अडचण म्हणजे कराराचा मजकूर. करारात वरिष्ठाचं नाव, ठरलेले तास, वर्षाला २० रजा, नोटीस पीरियड, बोनस आणि ‘अन्यत्र काम करणार नाही’ अशी अट असेल, तर वर ‘काँट्रॅक्टर’ लिहून काही उपयोग नाही. अधिकारी त्याला पगार म्हणू शकतो, आणि मग फरकाचा कर, व्याज आणि दंड असं सगळंच येतं. काम खरोखर स्वतंत्र असेल तर करारही तसाच हवा: कामाचं स्वरूप आणि टप्पे, बिलावर पैसे, साधनं तुमची, दुसरे ग्राहक घेण्याची मुभा. काम नोकरीसारखंच असेल, तर ५ लाख वाचवण्यासाठी कागद वाकवू नका. कंपनीकडून एम्प्लॉयर ऑफ रेकॉर्ड मागून घ्या आणि वाढीव खर्चाची बोलणी पगारात करा.

काँट्रॅक्टरला महाराष्ट्रात आणखी एक नोंदणी लागते आणि ती जवळजवळ सगळेच विसरतात: व्यवसाय कराची पीटीईसी. वर्षाला २,५०० रुपये, मुदत ३० जून, नोंदणी राज्याच्या जीएसटी विभागाच्या पोर्टलवर. रक्कम किरकोळ आहे, पण पाच वर्षांची थकबाकी व्याजासकट भरायची वेळ आली की ती किरकोळ वाटत नाही.

अमेरिकन कंपनी असेल तर पहिल्या बिलाआधी ती डब्ल्यू-८बेन हा फॉर्म मागेल. तुम्ही अमेरिकेचे रहिवासी नाही, हे त्यात जाहीर करायचं. परदेशी कर क्रमांकाच्या जागी पॅन, पत्ता इथला. अमेरिकेत पाय न ठेवता केलेल्या कामाचं उत्पन्न त्यांच्या कायद्याने अमेरिकी स्रोताचं ठरत नाही, म्हणून तिथली ३० टक्के कपात लागू होत नाही. तरी काही कंपन्यांचा लेखा विभाग सवयीने ती कापतो. उपाय म्हणजे प्रत्येक बिलावर ‘सर्व सेवा भारतात बसून दिल्या’ असं एक वाक्य इंग्रजीत छापा. फॉर्मची वैधता सही केलेलं वर्ष सोडून पुढच्या तिसऱ्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत असते. ती संपली की कपात अचानक सुरू होते, आणि एकदा कापलेले पैसे परत मिळवायला अमेरिकेत विवरणपत्र भरावं लागतं.

एक गोष्ट कंपनीच्या काळजीची, पण तुमच्या हातातली. तुम्ही ठाण्यात बसून कंपनीच्या वतीने ग्राहकांशी करार पक्के करत असाल, तर कंपनीचं भारतात ‘कायम आस्थापन’ झालं असं कर खातं म्हणू शकतं आणि तिच्या नफ्यावर इथे कर मागू शकतं. विक्रीच्या कामातल्या लोकांनी सहीचा अधिकार स्वतःकडे घेऊ नये, आणि ते करारात स्पष्ट लिहून घ्यावं.

पैसे बँकेत कसे उतरतात

प्रत्येक परकीय रकमेला बँक एक उद्देश-कोड लावते. सॉफ्टवेअर सल्ल्याला पी०८०२, व्यवस्थापन सल्ल्याला पी१००६, पगाराला पी१४०१. तुम्ही काही कळवलं नाही, तर अनेकदा पी१३०१ लागतो, म्हणजे कुटुंबाच्या खर्चासाठी पाठवलेले पैसे. हा कोड पडला की पुढे जीएसटीत निर्यात सिद्ध करताना अडचण येते. पहिली रक्कम येण्याआधीच शाखेच्या फॉरेक्स विभागाला बिल आणि करार ई-मेल करून कोड ठरवून घ्या. प्रत्येक रकमेचं एफआयआरसी किंवा एफआयआरए, म्हणजे पैसे परदेशातून आल्याचा बँकेचा दाखला, महिन्याच्या महिन्याला उतरवून ठेवा. दोन वर्षांनी मागायला गेलात तर शाखा बदललेली, अधिकारी बदललेला, आणि फेऱ्या तुमच्या नशिबी.

डॉलरमध्येच पैसे ठेवायचे असतील तर ईईएफसी खातं आहे. पण एका महिन्यात आलेली शिल्लक पुढच्या महिनाअखेरीपर्यंत रुपयांत वळवावी लागते, त्यामुळे रुपया घसरेल म्हणून वाट पाहत बसायला ते उपयोगी नाही.

‘यूएसडीटीमध्ये (डॉलरशी बांधलेल्या आभासी चलनात) पैसे घेतोस का?’ असं ग्राहकाने विचारलं तर नाही म्हणा. ते परिवर्तनीय परकीय चलन नाही, म्हणून जीएसटीच्या दृष्टीने निर्यातीची अट पूर्ण होत नाही. बँकेचा कागदही मिळत नाही. वर आभासी मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर वेगळा.

जीएसटी: दर शून्य, काम शून्य नाही

वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की काँट्रॅक्टरला नोंदणी करावीच लागते. सेवा निर्यातीवर दर शून्य आहे हे खरं, पण म्हणून नोंदणीतून सूट मिळत नाही. क्रम असा:

१. पोर्टलवर नोंदणी. घराचाच पत्ता द्यायचा असेल तर वीजबिल लागतं, ठाणे-नवी मुंबईत बहुतेक ठिकाणी महावितरणचं, कळवा-मुंब्र्याकडे टोरेंट पॉवरचं. फ्लॅट आईवडिलांच्या नावावर असेल तर त्यांचं संमतिपत्र, भाड्याचा असेल तर नोंदवलेला लिव्ह अँड लायसन्स करार. नवी मुंबईतल्या जुन्या सिडको इमारतींत वीजबिल अजून पहिल्या मालकाच्या नावावर असतं आणि अर्ज तिथेच अडकतो. आधी बिलावरचं नाव बदलून घ्या, मग अर्ज करा.

२. एलयूटी, म्हणजे हमीपत्र, फॉर्म आरएफडी-११. हा भरला की आयजीएसटी (राज्याबाहेरच्या आणि परदेशी व्यवहारांवरचा जीएसटी) न भरता निर्यात करता येते. तो प्रत्येक आर्थिक वर्षासाठी नवा लागतो, म्हणून मार्चमध्येच पुढच्या वर्षाचा भरून टाका. विसरलात, तर १८ टक्के खिशातून भरून परतावा मागत बसायचं.

३. बिल. ग्राहकाचं नाव, पत्ता, देश, सेवेचा कोड (सॉफ्टवेअर रचना-विकासासाठी ९९८३१४, माहिती तंत्रज्ञान सल्ल्यासाठी ९९८३१३), आणि एलयूटीखाली आयजीएसटी न भरता निर्यात केल्याचं वाक्य.

४. विवरणपत्रं. तिमाही योजना घेतली तर जीएसटीआर-१ तिमाहीनंतरच्या १३ तारखेपर्यंत, ३बी महाराष्ट्रात २२ पर्यंत. निर्यात ६ए तक्त्यात दाखवायची. व्यवहार नसला तरी भरायचं, नाहीतर विलंब शुल्क.

५. वसुली. बिलापासून वर्षभरात पैसे आले नाहीत, तर त्यावरचा कर व्याजासह भरावा लागतो.

जाणकार सीएसुद्धा कधीकधी सोडून देतात असा मुद्दा: नोंदणी झाल्यावर तुम्ही परदेशातून घेतलेल्या सेवा, म्हणजे क्लाउड, सॉफ्टवेअरची वर्गणी, काम मिळवून देणाऱ्या मंचाचं कमिशन, यांवर उलट आकारणीने १८ टक्के तुम्हीच भरायचे असतात. निर्यात शून्य दराची असल्याने ते क्रेडिट परत मागता येतं. पण मागण्याआधी भरावं लागतं, आणि परताव्याची मुदत दोन वर्षं.

परदेशी शेअर, परदेशी खातं

कंपनीने आरएसयू, म्हणजे ठरावीक काळानंतर हाती पडणारे तिचे शेअर, दिले असतील, तर ते हाती पडतात त्या दिवशीच्या किमतीवर पगारासारखा कर. विकताना नफ्यावर वेगळा: परदेशी शेअर २४ महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवले तर १२.५ टक्के. रहिवासी व्यक्तीने विवरणपत्रात परदेशी मालमत्तेची सूची, म्हणजे शेड्यूल एफए, भरणं सक्तीचं आहे, मग उत्पन्न झालेलं असो वा नसो. ही सूची कॅलेंडर वर्षाची असते. २०२५-२६ च्या विवरणपत्रात १ जानेवारी ते ३१ डिसेंबर २०२५ मधली मालमत्ता येते. एप्रिल-मार्च धरून भरणारे ढिगाने आहेत. काळा पैसा कायद्याखाली दंड १० लाख रुपये. १ ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर सोडून बाकी मालमत्ता एकूण २० लाखांपर्यंत असेल तर तो लागत नाही, पण माहिती द्यायची जबाबदारी कायम आहे. परदेशात खातं किंवा शेअर असतील, तर आयटीआर-४ चालत नाही. ४४एडीए घेतलं तरी आयटीआर-३ भरा.

पगार रुपयांत मांडताना गूगलवरचा दर घेऊ नका. देय महिन्याच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा स्टेट बँकेचा टीटी खरेदी दर, म्हणजे बँक परकीय चलन विकत घेते तो दर, घ्यायचा असतो.

लॅपटॉप घेऊन परदेशात राहायचं असेल

सर्वांत सामान्य गैरसमज: पर्यटक व्हिसावर काम केलं तर कोणाला कळतंय? बऱ्याचदा कळत नाही, पण कळतं ते चुकीच्या वेळी, विमानतळावरच्या प्रश्नांत किंवा पुढच्या व्हिसाच्या अर्जात. देशांचे नियमही एकसारखे नाहीत. ब्रिटनने ३१ जानेवारी २०२४ पासून भेटीवर आलेल्यांना परदेशी कंपनीचं काम ऑनलाइन करू दिलं आहे, पण भेटीचा मुख्य हेतू तो नसावा. न्यूझीलंडने २७ जानेवारी २०२५ पासून अशीच मोकळीक दिली. अमेरिकेच्या बी-१ व्हिसावर बैठका चालतात, नेहमीचं रोजचं काम नाही. शेंगेनमध्ये कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस, आणि ते सगळ्या सदस्य देशांचे मिळून.

लांबचा मुक्काम असेल तर रिमोट कामाचा व्हिसा पाहा. दुबईत मासिक ३,५०० डॉलर उत्पन्नाचा पुरावा लागतो. पोर्तुगालच्या डी८ ला तिथल्या किमान वेतनाच्या चौपट, २०२५ च्या हिशेबाने ३,४८० युरो. स्पेनमध्ये किमान वेतनाच्या दुप्पट. मलेशियाच्या डीई रांटाऊला तंत्रज्ञान क्षेत्रात वर्षाला २४,००० डॉलर. थायलंडचा डीटीव्ही २०२४ च्या जुलैत आला: ५ लाख बाथ शिल्लक, पाच वर्षं वैध, एका वेळी १८० दिवस. इथे मेख अशी की थायलंडमध्ये एका कॅलेंडर वर्षात १८० दिवस भरले की तुम्ही तिथले कर-रहिवासी होता, आणि २०२४ पासून तिथे आणलेल्या परदेशी उत्पन्नावर कर लागू शकतो. व्हिसाने दिलेले सगळे दिवस वापरायचे नसतात. १७० ला निघा.

स्पेनच्या अर्जात सामाजिक सुरक्षेचा पुरावा मागतात, आणि भारतीय नोकरदारांचे अर्ज तिथेच अडतात. जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स, पोर्तुगाल, जपान, कॅनडा अशा देशांशी भारताचे सामाजिक सुरक्षा करार आहेत. कंपनीने पीएफ कार्यालयाच्या पोर्टलवरून तुमच्यासाठी ‘सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज’ काढलं, तर करार असलेल्या त्या देशात दुसऱ्यांदा वर्गणी भरावी लागत नाही. अमेरिकेशी असा करार नाही.

कंपनीकडून काय हवं? ‘कुठूनही काम करा, हरकत नाही’ एवढा एचआरचा मेल पुरत नाही. लेटरहेडवर पद, पगार, रुजू झाल्याची तारीख आणि अमुक देशातून अमुक काळ काम करायला परवानगी, असं स्पष्ट पत्र घ्या. ऐरोली-महाप्यातल्या सेझमधल्या (विशेष आर्थिक क्षेत्रातल्या) कंपन्यांच्या बाबतीत लॅपटॉप आवाराबाहेर आणि देशाबाहेर न्यायची परवानगी वेगळी असते, तीही लेखी घ्या.

कागद गोळा करण्याचा क्रम महत्त्वाचा, कारण प्रत्येक कागदाचं आयुष्य वेगळं. पदवीचं प्रमाणीकरण आधी सुरू करा, त्याला सर्वांत जास्त वेळ लागतो: आधी राज्याचं, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याची परदेशात चालणारी मोहोर. अमिरातीसाठी अपोस्टिल चालत नाही, दूतावासाची साक्षांकनाची पायरी लागते. विवाह प्रमाणपत्र, पासपोर्ट आणि पदवी यांतलं स्पेलिंग जुळतंय ना ते याच टप्प्यावर पाहा. वडिलांचं नाव मध्ये घालायची आपली पद्धत परदेशी फॉर्मच्या रकान्यांत नेहमी गोंधळ घालते. पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट सगळ्यात शेवटी, कारण बरेच देश ते ताजं, तीन ते सहा महिन्यांतलं मागतात. अर्ज पासपोर्ट सेवा पोर्टलवर. ठाण्याचं केंद्र वागळे इस्टेटमध्ये आहे. पडताळणी मात्र तुमच्या पत्त्याच्या पोलीस आयुक्तालयाकडून होते. अलीकडेच कळव्याहून कोपरखैरण्याला गेला असाल, तर ठाणे आणि नवी मुंबई अशी दोन्ही आयुक्तालयं त्यात येऊ शकतात आणि वेळ वाढतो.

तिकडे बसून इथल्या कंपनीचा पगार

अनिवासी झालात म्हणजे भारतीय कंपनीच्या पगारावर इथे कर नाही, असं नाही. अनिवासी व्यक्तीचं भारतात उद्भवलेलं आणि भारतात मिळालेलं, दोन्ही प्रकारचं उत्पन्न करपात्र आहे. काम लिस्बनला केलं तरी पगार थेट ठाण्याच्या खात्यात जमा झाला, तर तो ‘भारतात मिळाला’ असं म्हणायला खात्याला जागा आहे. यावर इलाज दोन. कंपनी पाठवू शकत असेल तर पगार तिथल्या खात्यात घ्या. नाहीतर त्या देशाचं कर-रहिवास प्रमाणपत्र आणि इथला फॉर्म १०एफ देऊन दुहेरी कर टाळण्याच्या कराराचा आधार घ्या. दुबईच्या बाबतीत करारानुसार रहिवासी ठरायला कॅलेंडर वर्षात अमिरातीत किमान १८३ दिवस लागतात. दुबईचं नुसतं रेसिडेन्स कार्ड पुरत नाही.

नेरूळ-सीवूड्समध्ये जहाजावर काम करणारी घरं बरीच आहेत, त्यामुळे ‘एनआरई खात्यात (अनिवासी भारतीयाच्या परदेशी कमाईच्या रुपयांतल्या खात्यात) घेतलं की कर नाही’ हे वाक्य इथे फार पसरलं आहे. ते आलं आहे २०१७ च्या परिपत्रकातून, आणि ते परिपत्रक अनिवासी खलाशांच्या पगाराबद्दल आहे. लॅपटॉपवाल्यांना ते चिकटवता येत नाही.

रहिवासी म्हणून ज्याच्यावर दुसऱ्या कुठल्याच देशात कर लागत नाही, अशा भारतीय नागरिकाचं परदेशी स्रोत सोडून उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल, तर कायदा त्याला भारताचा मानीव रहिवासी समजतो. भारतात भाडं, ठेवी, शेअर असं भरपूर असलेल्या दुबईकरांनी हे तपासावं.

देश सोडताना बँकेला कळवणंही कायद्याने लागतं. बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासीच्या भारतातल्या उत्पन्नाचं खातं, करून घ्या. फेमामध्ये, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्यात, दिवसांइतकाच हेतूही मोजला जातो: नोकरीसाठी गेलात की त्या दिवसापासून तुम्ही फेमाच्या दृष्टीने अनिवासी, आयकरात त्या वर्षी रहिवासी असलात तरी. दोन कायद्यांची दोन उत्तरं एकाच वेळी बरोबर असू शकतात.

स्टॅम्पिंगसाठी येऊन अडकलेले

अमेरिकेच्या एच-१बी या कामाच्या व्हिसावरचे लोक पासपोर्टवर नवा व्हिसा घ्यायला, म्हणजे स्टॅम्पिंगला, भारतात येतात, तारीख पुढे ढकलली जाते आणि काम कोपरीच्या घरातून सुरू होतं. भारतात बसून केलेल्या दिवसांचा पगार भारतात उद्भवलेला ठरतो. पण तुम्ही अमेरिकेचे कर-रहिवासी असाल, त्या करवर्षात भारतात १८३ दिवसांपेक्षा जास्त नसाल, कंपनी भारताची रहिवासी नसेल आणि पगाराचा भार तिच्या इथल्या आस्थापनावर पडत नसेल, तर भारत-अमेरिका करार इथल्या करातून वाचवतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच कंपनीच्या पेरोलला कळवा. काही प्रकल्पांचा डेटा अमेरिकेबाहेर उघडायलाच मनाई असते, आणि ती अडचण कराच्याही आधी उभी राहते.

कायमचं परत येताना

आधीच्या दहा वर्षांपैकी नऊ वर्षं अनिवासी असाल, किंवा आधीच्या सात वर्षांत भारतात ७२९ किंवा कमी दिवस असाल, तर परतल्यावर दोन, कधी तीन वर्षं तुम्ही ‘सामान्य रहिवासी नसलेले’ या गटात असता. या काळात परदेशातलं व्याज, लाभांश, घरभाडं इथे करपात्र नाही, शेड्यूल एफएही नाही. याच सवलतीवर भिस्त ठेवून लोक अमेरिकेची नोकरी ठाण्यातून चालू ठेवतात आणि तो पगार करमुक्त समजतात. तसा तो नाही. काम इथे झालं, म्हणून उत्पन्न इथलं, या गटात असलात तरी. पगार न्यूयॉर्कच्या खात्यातच राहिला तरी फरक पडत नाही.

त्याच पगारावर तिकडे कर कापला गेला असेल, तर तो आधी तिथून परत मागावा लागतो. कामच तिथे झालं नसल्यावर त्या देशाला तो कर घेण्याचा हक्क होता का, हा प्रश्न इथला अधिकारी विचारतोच. तिथे खरोखर केलेल्या दिवसांच्या करासाठी मात्र, ते उत्पन्न इथेही करपात्र असेल तर, फॉर्म ६७ भरून क्रेडिट घेता येतं. परदेशी कर किंवा त्याच उत्पन्नावरचा इथला कर, यांतलं जे कमी ते मिळतं. २०२५-२६ साठी त्याची शेवटची तारीख ३१ मार्च २०२७.

खात्यांचं काम पहिल्या महिन्यात उरका. एनआरई खातं रहिवासी खात्यात बदलून घ्या, किंवा परकीय चलन ठेवायचं असेल तर आरएफसी, म्हणजे रहिवाशाचं परकीय चलन खातं, उघडा. एफसीएनआर, म्हणजे अनिवासी असताना परकीय चलनात ठेवलेली मुदत ठेव, मुदत संपेपर्यंत चालू राहते. अमेरिका, ब्रिटन, कॅनडातल्या निवृत्ती खात्यांसाठी कलम ८९ए आणि फॉर्म १०ईई आहे, म्हणजे कर तिथे पैसे काढताना लागतो तेव्हाच इथेही लागेल. हा पर्याय एकदा घेतला की मागे घेता येत नाही, म्हणून सामान्य रहिवासी होण्याच्या पहिल्या वर्षी विवरणपत्र भरण्याआधी त्याचा निर्णय करा.